कानाच्या बाजूनं येणारं ऊन

आरशाजवळ जाऊन उजवा डोळा नीट पाहिला, तर नाकाकडच्या कोपऱ्यात मला गुलाबीसर त्रिकोणी पापुद्रा दिसतो. त्याचं टोक बुबुळाच्या काठावर जेमतेम चढलेलं आहे. डाव्या डोळ्यातही आहे, पण लहान. आपण याला डोळ्यात मांस वाढणं म्हणतो, डॉक्टर टेरिजियम म्हणतात. जमीन मोजणीच्या कामात माझी सव्वीस वर्षं उन्हात गेली. तरी मला नवल वाटलं, कारण टोपी मी कधीच विसरलो नव्हतो. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "वरून टोपी होती. कानाच्या बाजूनं काय होतं?"

काहीच नव्हतं.

सिडनीचे नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनियो यांनी 1993 मध्ये याचा उलगडा मांडला होता. बुबुळ बाहेर फुगीर असतं. कानाच्या बाजूनं तिरके आलेले किरण त्यातून भिंगासारखे वळतात आणि पलीकडे, नाकाकडच्या काठावर एकवटतात. मांस बहुतेकांना नाकाच्याच बाजूला का वाढतं, ते यातून कळतं. हे कळल्यापासून मी गॉगल घेताना आधी बाजू बघतो, रंग सगळ्यात शेवटी.

बाजू कशी तपासायची? गॉगल घाला आणि खिडकीकडे किंवा दिव्याकडे पाठ करून थोडे तिरके उभे राहा. काचेच्या आतल्या बाजूवर मागची खिडकी किंवा स्वतःच्याच डोळ्याचं प्रतिबिंब दिसलं, तर तेवढ्या फटीतून ऊनही आत येणार. मग काचेच्या मागच्या अंगावर आपटून ते डोळ्यात जातं. फ्रेम भुवईच्या जितकी जवळ बसेल तितकी बरी, फक्त पापण्यांचे केस काचेला घासता कामा नयेत. काडी डोळ्यालगत रुंद असावी किंवा काच गालाकडे वळलेली असावी. छोट्या गोल काचा दिसायला छान असतात, पण दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्याच्या त्या कामाच्या नाहीत.

आता काच. तिच्यावर 'यूव्ही 400' लिहिलेलं हवं, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती अडवते. काळेपणाचा याच्याशी संबंध नाही. अतिनील किरण पूर्ण अडवणारी काच पाण्यासारखी पारदर्शकही असू शकते. उलट गडद पण संरक्षण नसलेली काच फसवते. अंधारल्यामुळे बाहुली मोठी होते, आपण डोळे किलकिले करायचं सोडून देतो आणि दार उघडं राहतं. (किलकिल्या डोळ्यांचीही खूण राहते. माझ्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांच्या आत ऊन न पोचल्यामुळे बारीक पांढऱ्या रेघा आहेत. आमच्या कामातला माणूस मी त्यावरून ओळखतो.)

पोलराइज्ड काच पाणी आणि ओला रस्ता यांची चकाकी मारते. हा गुण वेगळा, अतिनील संरक्षण वेगळं. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहिलेलं आहे का ते पाहा. मी स्वतः पोलराइज्ड वापरत नाही, कारण मोजणीच्या यंत्राचा पडदा ठरावीक कोनातून काळा दिसतो आणि आकडे वाचता येत नाहीत. गडदपणाला 0 ते 4 अशा श्रेणी असतात. श्रेणी 3 मधून 8 ते 18 टक्के दृश्य प्रकाश आत येतो, कडक उन्हाला ती पुरते. श्रेणी 4 घालून गाडी चालवू नका. दुकानात निळा टॉर्च मारून संरक्षण दाखवतात, त्यावर भरवसा ठेवू नका. जो निळा-जांभळा उजेड आपल्याला दिसतो, तो बहुतेक अतिनील नसतोच. अतिनील किरण मोजणारा मीटर असेल तर त्यावर काच तपासून मागा. नंबरचा चष्मा असेल तर पॉलिकार्बोनेटची काच मुळातच अतिनील किरण अडवते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा मात्र गाडीत नीट काळ्या होत नाहीत, कारण ज्या अतिनील किरणांमुळे त्या बदलतात ते समोरची काच आधीच अडवते. गाडीच्या बाजूच्या काचा तितक्या भरवशाच्या नसतात.

वेळेबाबत माझी मोठी चूक झाली. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन टाळावं, हा नियम त्वचेसाठी चांगला आहे, पण डोळ्यांना पुरत नाही. डोक्यावर आलेला सूर्य भुवईच्या हाडाआड जातो. तो क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर असतो, म्हणजे आपली सावली उंचीपेक्षा थोडी लांब पडते, तेव्हा सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात जास्त ऊन जातं. मी नेमका सकाळी गॉगल खिशात ठेवायचो, ऊन कोवळं आहे म्हणून.

टोपीची कड सगळीकडून तीनेक इंच तरी असावी. नुसती पुढे चोच असलेली टोपी कानाची बाजू उघडीच टाकते. आणि कोणतीही टोपी खालून येणारं ऊन अडवत नाही. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परत फेकते, ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. उंचीचं वेगळं, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के वाढ.

हे मी भोगून शिकलो. बर्फातल्या एका मोजणीच्या वेळी आभाळ ढगाळलं, म्हणून गॉगल काढला. विरळ ढग हे किरण फारसे अडवत नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हतं. दिवसभर काही जाणवलं नाही. रात्री मात्र डोळ्यात मूठभर वाळू गेल्यासारखं झालं, पाण्याच्या धारा लागल्या, मेणबत्तीही बघवेना. बुबुळाचा वरचा थर भाजला होता. असा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो आणि बहुधा दोन दिवसांत ओसरतो. कॉन्टॅक्ट लेन्स असल्या तर काढा, डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत गार ओली घडी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी घरी घालत बसू नका, त्यानं जखम भरायला वेळ लागतो.

सूर्याकडे थेट बघणं, आणि दुर्बिणीतून तर अजिबातच नको. आमच्या यंत्राच्या तोंडावर सौर फिल्टर बसवल्याशिवाय ते सूर्याकडे वळवत नाहीत. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदनेच्या नसा नसतात, त्यामुळे तो भाजला तरी त्या क्षणी कळतही नाही.

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग जास्त नितळ असतं, अतिनील किरण आतपर्यंत जातात. त्यांना खेळण्यातला रंगीत गॉगल देऊ नका. तोच 'यूव्ही 400' आणि मागून पट्टा, म्हणजे धावताना पडत नाही.

काचेवर चरे पडले की लोक गॉगल बदलतात. मी काड्या आधी बघतो. त्या सैलावल्या की गॉगल नाकावरून बोटभर खाली घसरतो, वरून आणि बाजूनं फट पडते. माझ्या यंत्राच्या पेटीत एक बारीक स्क्रूड्रायव्हर त्यासाठीच असतो. स्क्रू आवळायचा, मान खाली घालून दोनदा हलवायची, गॉगल जागचा हलला नाही की कामाला लागायचं.