फळे अंगी लागायची असतील, तर या चुका टाळा

पेरूच्या १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या जवळजवळ चौपट. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण संत्रीच घेऊन जातो. हे जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेच्या संपर्काने कमी होत जाते, म्हणून सकाळी चिरून डब्यात भरलेल्या फोडींपेक्षा ऐनवेळी चिरलेला पेरू केव्हाही चांगला, आणि तोही सालीसकट. याहून मोठी चूक म्हणजे फळ जेवणासोबत घ्यायचेच नाही, हा हट्ट. पालेभाजी आणि बाजरीच्या भाकरीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही; क जीवनसत्त्व त्याला मदत करते, तर जेवणावरचा चहा नेमका अडथळा आणतो. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी तो चहा सोडून ताटात पेरूच्या दोन फोडी घ्याव्यात.

आंब्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातील बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक चांगले शोषले जाते. त्यामुळे आमरसावर तुपाची धार धरण्याची आपली जुनी रीत योग्यच ठरते. चूक होते ती वरून साखर घालण्यात, कारण १०० ग्रॅम आंब्यात मुळातच सुमारे १४ ग्रॅम साखर असते. इतर फळांचा रस गाळून पिताना चोथ्याबरोबर तंतूही जातात आणि साखर तेवढी पेल्यात उरते.

केवळ रंग पाहून आंबा घेणे हीही चूकच, कारण तो रंग कृत्रिमरीत्या पिकवूनही आणता येतो. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे, इथिलीन वायूला मात्र मर्यादित प्रमाणात परवानगी आहे. शक्य असल्यास कच्चे आंबे आणून घरीच अढी घालावी आणि देठाजवळचा चीक निघावा म्हणून खाण्यापूर्वी ते धुऊन पाण्यात ठेवावेत.

अननसाने जीभ चुरचुरते आणि तो कच्चाच दुधात घातला तर दूध कडवट होते. दोन्हींना कारण ब्रोमेलिन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम), जे शिजवल्यावर निष्क्रिय होते.

गरोदरपणी चिकाची कच्ची पपई टाळावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे केळी डॉक्टरांना विचारूनच खावीत आणि स्टार फ्रूटच्या वाटेला तर जाऊच नये. त्यातील विषारी घटक त्यांच्या शरीराबाहेर पडत नाहीत आणि न थांबणाऱ्या उचकीपासून आकडीच्या झटक्यांपर्यंत त्रास होऊ शकतो.