चालताना गायचं तर दोघी हव्यात

डॉक्टरांनी सांगितलं, "रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर समजा, नुसतं रमतगमत चाललंय." घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे देवळात भजनाला पखवाज वाजवतात. चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, "मग वारकरी पंढरपूरपर्यंत गात कसे जातात?"

डॉक्टरांचं खोटं नव्हतं आणि ह्यांचंही. दोन्ही जुळवायला मला दोन वर्षं लागली. पणजीत मळा भागातल्या आमच्या घरापासून मिरामारपर्यंत, सोबतीला थोरली वयनी. तिला गाण्याची आवड आणि चालण्याचा कंटाळा, माझं नेमकं उलट. तुम्हाला दोन वर्षं घालवावी लागू नयेत म्हणून लिहिते.

आधी पावलं मोजा. गाणं नंतर. घड्याळ बघत पंधरा सेकंद नेहमीसारखं चालायचं, पावलं मोजायची आणि चाराने गुणायचं. माझी 104 आली, वयनीची 92. मोठ्या माणसाची मिनिटाला साधारण 100 पावलं पडली की ते भरभर चालणं धरतात. आता घरी बसून आवडतं गाणं लावा, मांडीवर ठेका धरा आणि तेही तसंच मोजा. गाणं चार-पाच ठोके मागे असलं तर बिघडत नाही, पाय त्याला ओढून नेतात. गाणं पुढे असलं की मात्र आपण नकळत धावायला लागतो. पहिल्या आठवड्यात वयनी मागून ओरडायची, "गो, तूं धांवता कित्याक?"

मग ताल बघायचा, आणि इथे मी सपशेल आपटले. एक सुरेख भावगीत निवडलं होतं, रूपकातलं. कांपालच्या झाडांखाली पोचेपर्यंत मला सारखं वाटत होतं की माझं एक पाऊल चुकतंय. हे हसून म्हणाले, "अगं, सात मात्रा आणि पाय दोन. सम, म्हणजे पहिली मात्रा, एकदा डाव्यावर येणार, पुढच्या आवर्तनात उजव्यावर." म्हणून सुरुवातीला आठ मात्रांचं घ्या, केरवा किंवा भजनी ठेका. सम दर वेळी त्याच पायावर येते आणि डोकं मोकळं राहतं. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या, त्यामुळे जोर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. अंग थोडं डुलतं. आपल्याकडची दुलपदं, म्हणजे कोकणी नाचगाणी, बहुतेक अशीच सहाच्या झोक्यावर असतात. 'हांव सायबा पलतडी वयतां' हे दुलपद नव्हे, देखणी आहे, तेही संध्याकाळी मिरामारच्या वाळूत म्हणून बघा. त्यातली बाई तरी कुठे घाईत चालते? नदीपलीकडे दामूच्या लग्नाला निघालीय, वाट ठाऊक नाही, नावाडी काही नेत नाही. वाळूत आपलीही गती तेवढीच असते.

आता श्वास. खरी गोम इथेच आहे.

माझं माहेर डिचोलीकडचं. पौषात मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, धालो हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ असायचा. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात, पुढे यायचं, वाकायचं, मागे जायचं. एक रांग ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ परत म्हणते. लहानपणी वाटायचं, तेच तेच दोनदा कशाला? साठीत कळलं, ते दम घ्यायला. दिंडीतही तेच. एकाने चरण सांगायचा, बाकीच्यांनी उचलायचा. तो गातो तेव्हा हे श्वास घेतात, हे गातात तेव्हा तो. ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं: वारकरी गात जातात, पण एकटा माणूस अखंड गात नाही. डॉक्टर सांगत होते ते एकट्या माणसाचं.

तर दोघींनी कसं वाटून घ्यायचं ते सांगते. तुकोबांचा अभंग घ्या, चालण्याचाच आहे:

जेथे जातो तेथे । तू माझा सांगाती ।
चालविसी हाती । धरूनिया ॥

अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा, चार. एका पावलाला दोन अक्षरं बसवायची. पहिले तीन चरण तीन-तीन पावलांत संपतात, चौथा दोनच पावलांत. मग तिसऱ्या पावलाला काय? तिथे श्वास! अभंगाच्या बांधणीतच ती जागा सोडलेली आहे. सगळं मिळून बारा पावलं. पहिली सहा माझी, पुढची सहा वयनीची. सहा पावलांना चार सेकंदही लागत नाहीत, तेवढ्या वेळात गायलं तर धाप लागत नाही आणि पुढची सहा पावलं आपण नुसत्या चालत असतो. बारा समसंख्या, त्यामुळे अभंग दर वेळी त्याच पायावर सुरू होतो. हे तंत्र बसायला आम्हाला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी वयनी 100 ला आली, मी तिला काही न सांगता.

एकट्या असाल तर पहिला अर्धा भाग मोठ्याने म्हणा, उरलेला मनात. मनात म्हणताना लय घसरते, तेव्हा चुटकीने ठेका धरा.

'पाऊले चालती पंढरीची वाट' सगळ्यांना येतं, पण त्यात एक अडचण आहे. कांपालला एकदा सुरू केलं तर बाकावरचे दोन आजोबा सामील झाले आणि मिरामारपर्यंत आम्हाला काही ते संपवता आलं नाही. नाट्यपदं चालताना नकोतच. तान पायात अडकते. मडगावच्या दिंडी उत्सवातसुद्धा गवयांच्या बैठका होतात त्या दिंडी वाटेत थांबवून, मग पुन्हा टाळ वाजतात आणि लोक चालू लागतात. ज्या गाण्यात 'वाट' हा शब्द आहे ते चालायला चांगलं, असंही समजू नका. अशी बरीच गाणी वाटेवर बसून रडणारी असतात.

शेवटची पाच मिनिटं पाय उचलत नसतील तर शिगम्याच्या रोमटाचं, म्हणजे आमच्या होळीच्या मिरवणुकीचं, रेकॉर्डिंग फोनवर लावा. ढोल-ताशे आणि 'ओस्सय'ची आरोळी ऐकून आमची वयनीसुद्धा पळते. हे मात्र फक्त ऐकायचं, ओरडायचं नाही. लोक वळून बघतात.

जागेचं थोडं. सकाळी फोंतेन्यासच्या गल्ल्यांतून जाताना गुणगुणा फक्त, खिडक्या रस्त्यालाच लागून आहेत आणि आत माणसं झोपलेली असतात. मांडवीच्या काठाला गाड्यांचा इतका आवाज की कितीही बेसूर गा, कोणाला कळत नाही. शिकायला ती जागा उत्तम. आल्तिनोचा चढ असेल तर गाऊच नका, नुसती पावलं मोजा. रायबंदरचा जुना बांधरस्ता, 1634 च्या सुमाराचा, तीनेक किलोमीटर सरळसोट आणि बाजूला पाणी, मिठागरं. वाटतं, गायला याहून चांगली वाट नाही. पण बसगाड्या अंगावरून जातात. आम्ही रविवारी उजाडतानाच जातो, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या कडेने, एकीमागे एक. कानात ईयरफोन घालायचाच असेल तर एकाच कानात. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की आमचा सूर जातो तो जातोच, त्यावर इलाज सापडलेला नाही. पावसाळ्यात छत्री सांभाळताना ताल राहत नाही. तेव्हा आम्ही घरातल्या सोप्यावर फेऱ्या मारतो आणि हे पखवाज घेऊन बसतात. खरं सांगायचं तर ती आमची सगळ्यात चांगली चाल असते.

गाणी संपली की स्वतःची करा. सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं, 'सांगाती' आणि 'हाती' सारखं. आमचं पहिलं असं झालं:

कांपाल गाठले । चप्पल तुटली ।
वयनी म्हणाली । रिक्षा करू ॥

पुढच्या कडव्याला गावांची नावं घालायची आहेत. 'मिरामार' चार अक्षरी, शेवटच्या चरणात नेमकं बसतं. 'फोंतेन्यास'ही बसतं. 'दोनापावला' पाच अक्षरी, कुठेच बसत नाही. वयनी म्हणते, 'दोनापावलाला' म्हण, सहा होतात. पण तिथपर्यंत आम्ही अजून चालत गेलेलोच नाही, म्हणून ते कडवं तसंच राहिलंय.