उरुग्वेत लिफ्ट मागत फिरताय? या चुका टाळा

नकाशावर उरुग्वे पाहिला की वाटतं, हा काय, आठवड्यात उरकेल. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या बेचक्यात बसलेला, महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा देश. मीही लहान देश म्हणून हिशोब ढिला सोडला आणि फसलो. इथं माणसं जेमतेम ३५ लाख, त्यातली जवळपास निम्मी मोंटेव्हिडिओ आणि आसपास. गुरं मात्र एक कोटीच्या वर. किनारा सोडून आत वळलात की तुमच्याकडे टक लावून बघायला गायी भरपूर, गाडी थांबवायला माणूस नाही. ताकुआरेंबोहून मेलोकडे जाणाऱ्या २६ नंबरच्या रस्त्यावर अर्धा दिवस काढायची तयारी असेल तरच लिफ्टच्या भरवशावर निघा.

लिफ्ट मागण्याला तिथं 'आसेर देदो' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'बोट करणं'. (मराठीत बोट करणं म्हणजे खोडी काढणं, हे तिथल्या कुणाला समजावून सांगायच्या फंदात पडू नका.) आपल्यासारखा हात हलवला तर ड्रायव्हरही हसून हात हलवतो आणि निघून जातो. अंगठाच दाखवावा लागतो.

आपल्या लोकांची हमखास चूक म्हणजे रस्त्याची बाजू. तिथं गाड्या उजवीकडून चालतात. डोक्याला हे कळत असतं, पायांना कळत नाही. पाठीवर पिशवी घेऊन सवयीनं डाव्या कडेला उभा राहिलो आणि पंचवीस मिनिटं मी उलट दिशेच्या गाड्यांना अंगठा दाखवत होतो. शेवटी समोरच्या टपरीवरच्या बाईंनी ओरडून विचारलं, "नक्की जायचंय कुठं?"

मोंटेव्हिडिओच्या हद्दीत अंगठा काढू नका

शहरात कुणी थांबत नाही आणि थांबला तरी तीन सिग्नलनंतर वळणार असतो. पूर्वेच्या किनाऱ्याकडे जायचं तर उपनगरी बसनं सरळ आत्लांतिदापर्यंत जा, साधारण ४५ किलोमीटर. पश्चिमेला कोलोनियाकडे जायचं असेल तर १ नंबरच्या रस्त्यावर शहराची वस्ती संपेपर्यंत बस सोडू नका. बसचे चार पैसे वाचवण्यासाठी उन्हात सकाळ घालवणं ही काटकसर नव्हे. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथं कडक उन्हाळा असतो, सावलीला झाड शोधावं लागतं.

उभं राहायची जागा म्हणजे गावाच्या वेशीवरचा गोल चौक ओलांडल्यावरची रुंद कड. गाडीचा वेग तिथं आधीच उतरलेला असतो आणि बाजूला घ्यायला जागाही असते. पुठ्ठ्यावर गावाचं नाव लिहायचं तर जवळचं लिहा. 'चुय' लिहिलंत तर ब्राझीलच्या सीमेपर्यंत जाणाराच थांबेल, 'रोचा' लिहिलंत तर निम्म्या गाड्या तुमच्या कामाच्या.

अंधार पडायच्या दोन तास आधीपर्यंत काही मिळालं नाही तर हट्ट सोडा. लांब पल्ल्याच्या बस हायवेवर हात केला की थांबतात, तिकीट आत मिळतं. आपल्या 'हात दाखवा, एसटी थांबवा'ची आठवण यावी असा कारभार. फक्त गर्दीच्या दिवसांत भरलेली बस थांबत नाही. १ मे ध्यानात ठेवा: आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन, आणि त्या दिवशी बससेवा जवळपास ठप्प. १ जानेवारीचीही तीच गत.

१० नंबरचा रस्ता अखंड नाही

या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथं जरा थांबतो. नकाशात १० नंबरचा रस्ता पुंता देल एस्तेपासून समुद्राला चिकटून पूर्वेकडे जाताना दिसतो. देखणा रस्ता, कुणालाही मोह व्हावा. वाटेत लागुना गार्सोन या सरोवरावर राफाएल विन्योली या उरुग्वेत जन्मलेल्या वास्तुरचनाकारानं केलेला गोल पूल आहे. २०१५ साली तो खुला झाला, त्याआधी गाड्या तराफ्यावरून पलीकडे जायच्या. पूल कंकणासारखा गोल, त्यामुळे गाड्यांना वेग कमी करावाच लागतो. तो ओलांडला की वाटतं, आता असंच ला पालोमापर्यंत.

पण पुढं लागुना दे रोचा आडवं येतं आणि तिथं पूलच नाही. पलीकडचं ला पालोमा सरळ रेषेत अगदी जवळ, पण मध्ये सरोवर. पूल ओलांडून पुढं सोडणारा माणूस प्रेमानं सोडतो, तो आपल्या घरी जातो आणि तुम्ही विरळ वस्तीच्या टोकाला उभे. ला पालोमाला जायचं असेल तर सान कार्लोसहून ९ नंबरचा रस्ता धरा, रोचा शहराला उतरा आणि तिथून १५ नंबरनं खाली या, साधारण २८ किलोमीटर. लांबचा वाटतो, पण खरा रस्ता हाच. पूल बघायचाच असेल तर बघून आल्या वाटेनं परत फिरा.

ला पालोमाच्या पुढं १० नंबर पुन्हा सुरू होतो. ला पेद्रेरा, मग काबो पोलोनियोचा फाटा. तिथले पत्ते किलोमीटरमध्ये असतात, हा फाटा २६४.५ वर. ड्रायव्हरला गावाचं नाव नीट सांगता आलं नाही तरी आकडा दाखवला की काम होतं. फाट्यापासून गावापर्यंत रस्ताच नाही, वाळूच्या टेकड्यांतून सातेक किलोमीटर उंच ट्रकमधून जावं लागतं आणि ट्रकचं भाडं वेगळं. गावात एटीएम नाही, तारांवरची वीज नाही. रोकड आणि बॅटरी आधीच भरून घ्या.

जानेवारीत 'स्वस्त' शब्द विसरा

जानेवारीत अर्धा देश आणि बरेच अर्जेंटिनी किनाऱ्यावर असतात. खोलीचे भाव दुप्पट-तिप्पट. गाड्या चिक्कार, पण प्रत्येकीत पोरं, खुर्च्या, छत्री आणि कुत्रा, तुम्हाला जागा कुठून असणार? मार्चमध्ये गाड्या कमी, पण थांबतात जास्त. ईस्टरच्या आधीचा आठवडा मात्र टाळाच. धर्म आणि सरकार १९१९ मध्ये वेगळे केल्यावर या देशानं पवित्र सप्ताहाचं सरकारी नावच 'पर्यटन सप्ताह' करून टाकलं, आणि लोक ते नाव सार्थ करतात. एरवी सांता तेरेसाचं राष्ट्रीय उद्यान तंबूवाल्यांसाठी उत्तम सोय आहे. ते लष्कर सांभाळतं, पाइन आणि निलगिरीची सावली आहे, समुद्र शेजारी.

पैशांचा एक घोळ: फलकावरचं '$' हे चिन्ह पेसोचं. डॉलरसाठी 'U' आणि 'S'च्या मध्ये हेच चिन्ह टाकतात. सँडविच '४००' बघून दचकू नका, एक पेसो म्हणजे दोन रुपयांच्या थोडं वर. तरीही दक्षिण अमेरिकेतला हा महागड्या देशांपैकी एक. एटीएम दर वेळी शुल्क कापतं, म्हणून सारखं थोडं थोडं काढू नका. उपाहारगृहात परदेशी कार्डानं पैसे दिलेत तर करात सूट मिळते, रोख दिलेत तर नाही.

गाडीत बसल्यावर

ड्रायव्हर माते पुढं करेल. दुधी भोपळ्याच्या कवचाच्या पेल्यात हिरवी पानं, त्यावर गरम पाणी आणि एकच धातूची नळी, सगळ्यांची मिळून. उष्ट्याचा विचार मनात येईल. घ्यायचं नसेल तर सुरुवातीलाच हसून नको म्हणा, पण नळी पुसू नका. आणि ती ढवळू तर मुळीच नका, खाली बसलेला चोथा वर येऊन नळी तुंबते. आपल्या शिस्तीप्रमाणे पहिल्याच पेल्याला मी 'ग्रासियास' म्हणालो, आणि पुढचे शंभर किलोमीटर मला माते मिळालं नाही. तिथं मातेवर 'आभारी आहे' म्हणजे 'पोट भरलं, आता नको'. पेला आवाज येईपर्यंत रिकामा करायचा आणि गुपचूप परत द्यायचा.

ॲपवरून स्पॅनिश शिकून गेलात तर पहिल्या दिवशी काहीच कळणार नाही. तिथं 'य'च्या ठिकाणी 'श' येतो: प्लाया नव्हे प्लाशा, काये नव्हे काशे. मराठी कानाला दोन दिवसांत सवय होते. 'ता' म्हणजे 'बरं, ठीक'. एवढ्या एका शब्दावर निम्मं संभाषण चालतं.

शाकाहारी असाल तर

'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, असं सांगून निश्चिंत होऊ नका. तिथं कार्ने म्हणजे बहुधा गाईचं मांस, त्यामुळे ताटात हॅम किंवा कोंबडी येऊ शकते. त्यांची नावं घेऊन नको म्हणा. पावसाळी दिवसांत रस्त्यावर मिळणारी तोर्ता फ्रिता आपल्या पुरीची बहीण वाटते, पण परंपरेनं गाईच्या चरबीत तळतात. बेकरीतल्या बिस्कोचोंमध्येही चरबी असू शकते. निर्धास्त खायचं तर फाइना घ्या: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. पिझ्झा मागवलात तर तो चीजशिवाय येतो. चीज हवं असेल तर 'मुसारेला' म्हणायचं.

चुयमध्ये शिक्का विसरू नका

चुय गावात मधला रस्ता हीच सीमा. उरुग्वेच्या बाजूला रस्त्याचं नाव ब्राझील, ब्राझीलच्या बाजूला उरुग्वे. कुणी अडवत नाही, त्यामुळे चहा इकडे, भाजी तिकडे असं चालतं. पण पासपोर्टावर शिक्का मारायची कचेरी गावाच्या आधी, ९ नंबरच्या रस्त्यावर आहे. लिफ्ट देणारा स्थानिक असेल तर त्याला तिथं थांबायचं कारण नसतं, तो थेट गावात सोडतो. तुम्ही पलीकडची लिफ्ट घेऊन ब्राझीलमध्ये शिरलात की कागदोपत्री अजून उरुग्वेतच असता. भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा वेगळा व्हिसा लागतो, तेव्हा हा घोळ दोन्हीकडून अंगाशी येतो. गाडीत बसतानाच 'मिग्रासियोन' असं सांगून तिथं उतरवायला सांगा. सांगायचं राहिलंच तर गावातून मागं चालत जा, शिक्का घ्या आणि मगच पलीकडे अंगठा काढा.