डासांची जात ओळखताना या चुका टाळा

एडिस डासाची जात नुसती पाठ पाहून ठरवू नका. वीणेसारखी पांढरी नक्षी म्हणजे एडिस इजिप्ती, मधोमध एकच पांढरी रेघ म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, हे बरोबर आहे. पण सापळ्याच्या पंख्यातून आलेल्या डासाच्या पाठीवर खवले उरतातच कुठे? अशा वेळी डोकं समोरून पाहा. सोंडेच्या मुळाशी, दोन शृंगिकांच्या मधे लहानसा फुगीर भाग असतो, तो क्लायपिअस. इजिप्तीच्या मादीत त्यावर पांढऱ्या खवल्यांचे ठिपके असतात, अल्बोपिक्टसमध्ये तो काळा आणि उघडा. मग मधल्या पायाची मांडी पुढच्या बाजूने तपासा: इजिप्तीत लांब पांढरी रेघ दिसते, अल्बोपिक्टसमध्ये नाही. दोन्ही खुणा जुळल्या तरच नाव लिहा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या खळग्यांतून डास आणले असतील तर एडिस विटॅटसही लक्षात असू द्या. त्याच्या पाठीवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात. घाईत तो हमखास इजिप्तीत मोजला जातो.

फ्रीजरमधून काढलेली नळी लगेच उघडली की डासावर दव धरतं आणि खवले चिकटून बसतात. नळी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. साठवताना एका नळीत एकच डास, तळाला सिलिका जेल, वर कापूस. निळी जेल गुलाबी झाली की बदला. गोव्याच्या पावसाळ्यात इथे हयगय केली तर बुरशी ठरलेलीच.

अॅनोफिलिस स्टिफेन्सीच्या पायांवर ठिपके असतात, सबपिक्टसच्या नसतात. इथवर सोपं आहे. पण सबपिक्टस हा ए, बी, सी, डी अशा चार जुळ्या, म्हणजे दिसायला सारख्याच, जातींचा गट. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या, खाऱ्या पाण्यात मिळाला म्हणून 'बी' लिहिणं चूक आहे. प्रत्येक गाभण मादीला वेगळ्या नळीत अंडी घालू द्या आणि अंड्याच्या फ्लोटवरचे (अंडं तरंगत ठेवणाऱ्या फुगवट्यावरचे) कंगोरे मोजा: ए 31 ते 36, बी 16 ते 20, सी 25 ते 29, डी 21 ते 24. मादी आणि अंडी यांना एकच क्रमांक द्या.

डीएनएवरून जात ओळखायची असेल तर पोट घेऊ नका, त्यात माणसाचं किंवा गुरांचं रक्त असतं. एक-दोन पाय पुरतात. बाकी डास पुराव्यासाठी टाचून ठेवा. सीओआय हे मायटोकाँड्रियातलं (पेशीच्या केंद्रकाबाहेरचं) जनुक आईकडूनच येतं, त्यामुळे संकर झालेला असला तरी त्यात दिसत नाही. जुळ्या जातींसाठी केंद्रकातला आयटीएस2 हा डीएनएचा तुकडा सोबत वाचा. इजिप्तीत सीओआयच्या खोट्या प्रती केंद्रकातही असतात. वाचलेल्या क्रमात मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आला तर तो निकाल बाजूला ठेवा आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) पुन्हा लावा, सोबत डीएनए न घातलेली नळी ठेवून.