६५ च्या पुढे पिकअप थरथरते: दोष चाकात नव्हता, शाफ्टमध्ये होता

पिंपळगाव ते नाशिक हायवेवर ताशी ५५ किमीपर्यंत गाडी गुळगुळीत; ६५ ला सीटखाली थरथर, ७५ ला आतल्या आरशात मागचं काही दिसेना. बॅलन्सिंग दोनदा केलं, टायर मागे-पुढे बदलले, फरक शून्य.

थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि फ्लोअरमध्ये असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ७० ला क्लच दाबला. इंजिनचे आरपीएम पडले, थरथर तशीच. म्हणजे इंजिनवर संशय नको.

स्टँडवर गाडी घेतली, चाकांना अडसर लावला आणि शाफ्ट हाताने हलवून पाहिला. क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) घट्ट, पण शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर एका बाजूने फाटलेलं. ते बदलल्यावर थरथर निम्म्यावर आली.

बाकीचं कारण स्लिप जॉइंटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडात, निघालं. मागे क्रॉस बदलताना खूण न करताच तो ओढून काढलेला आणि दाते चुकवून बसवलेला. शाफ्टच्या मागच्या भागाच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके बसतात. रेष जुळवून बसवला आणि ७५ ला आरसा स्वच्छ.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप जॉइंटवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढाच. खडूची नको, ग्रीसच्या हाताने पुसली जाते.