पुराचा विमा कमी मिळाला? आधी सर्व्हेअरचा तक्ता मागा

मी सांगलीवाडीचा, घरदुरुस्तीची कामं घेणारा ठेकेदार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हापासून विमा कंपनीचं पत्र घेऊन लोक माझ्याकडं एस्टिमेट करून घ्यायला येतात. "एवढं नुकसान, आणि हातावर एवढेच टेकवले!" राग बरोबर आहे, पण तो पत्रात लिहून दमडी वाढत नाही. सर्व्हेअर म्हणजे नुकसान मोजायला कंपनीनं नेमलेला माणूस; ती रक्कम म्हणजे त्याच्या तक्त्यातल्या ओळींची बेरीज असते. भांडण एकेका ओळीशी करायचं.

म्हणून पहिलं पत्र एवढंच लिहा: सर्व्हे रिपोर्टची प्रत हिशेबाच्या तक्त्यासकट द्या. ईमेल करा, शिवाय शाखेत देऊन पोच घ्या. गृहकर्जाबरोबर बँकेनं विमा काढला असेल, तर पूर्ण पॉलिसीची प्रत बँकेकडून मागवा. वरचं एक पान पुरत नाही, आतल्या अटी हव्यात.

तक्ता आला की टेप काढा. नेहमीची गफलत गिलाव्यात असते. १२ बाय १० ची खोली धरा, भिंतींचा घेर ४४ फूट. पाणी ५ फूट चढलं, म्हणून सर्व्हेअर २२० चौरस फूट लिहितो. पण वीट पाणी ओढते आणि ओल पाण्याच्या खुणेच्या वर चढते. हातोडीनं ठोकत वर जा, पोकळ आवाज थांबेल तिथं खडूनं रेघ मारा. ती साडेसहा फुटांवर आली, तर गिलावा २८६ चौरस फुटांचा झाला. दार-खिडकीचं माप दोन्हीकडं आपापल्या उंचीपर्यंत वजा होईल. भिंतीला टेप लावून, खूण आणि रेघ दोन्ही दिसतील असा फोटो घ्या आणि त्यानंतरच तोडायला सांगा. प्लायवूडची कपाटं "पुसून वापरता येतील" असं लिहिलं असेल, तर फुगलेल्या कडेचा जवळून फोटो आणि सुताराचं लेखी मत जोडा. वायरिंगला लायसन्सवाल्या वायरमनचा दाखला.

मग वजाबाकी बघा. घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, कुठल्या अटीखाली आणि किती टक्के, भंगाराची किंमत कशी धरली, हे लेखी विचारा. खरी मेख 'ॲव्हरेज'मध्ये असते: घर २० लाखांचं, विमा १५ लाखांचा, म्हणून भरपाईही पाऊणच. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत, घराची माहिती खरी दिलेली असेल तर, ही कपात माफ आहे. त्याच पॉलिसीत राडारोडा काढायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि इंजिनिअर-आर्किटेक्टच्या फीला ५ टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो. हे कुणी मागतच नाही.

वळवाच्या वादळात पत्रे-कौलं उडाली की "देखभाल नव्हती" असा शेरा मारतात. त्याच गल्लीतली उडालेली छपरं दाखवा, घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये आधीचं छप्पर सापडतंय का बघा. तलाठ्याच्या पंचनाम्यावर मात्र फार विसंबू नका. तो सरकारी मदतीसाठी असतो. पाणी घरात शिरलं होतं, एवढंच त्यातून पक्कं होतं.

मध्येच कंपनी "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेलं व्हाउचर सहीला पाठवेल. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१५ च्या परिपत्रकाप्रमाणं, त्यावर सही केली म्हणून जादा रक्कम मागायचा हक्क जात नाही. तरी मी सांगतो, "रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली" अशी ओळ लिहूनच सही करा. आणि "सर्व्हेअरनं लिहिलं ते अंतिम" असं कुणी म्हणालं, तर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलंय की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे.

आता कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. सोबत एकच तक्ता: बाब, सर्व्हेअरचं माप, आपलं माप, फरकाची रक्कम, पुरावा क्रमांक. हीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही टाका. महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जायचं. सांगली-साताऱ्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाखांची. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं, मुदत दोन वर्षांची. उलट क्रमानं मात्र जमत नाही: आयोगात केस चालू असली की लोकपाल हात लावत नाही.

सुनावणी व्हिडिओवरही होते. बोलायला वेळ थोडा मिळतो, तेव्हा पूर कसा आला ते सांगत बसू नका. ज्या ओळीत फरकाची रक्कम सगळ्यात मोठी, तिथून सुरुवात करा.