अभ्यासिकेच्या निधीचं कोडं असं सुटलं

कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या आमच्या अभ्यासिकेसाठी कंपन्यांकडं मदत मागत होतो. अर्ज जायचे, उत्तर यायचं नाही. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातल्या मॅडमनी फाइल उघडून पहिल्याच पानावर बोट ठेवलं, "दादा, सीएसआर नोंदणी क्रमांक कुठाय?"

सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थांना सीएसआर-१ फॉर्म भरून हा क्रमांक घ्यावा लागतो. त्याशिवाय कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्चूच शकत नाही. १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकर खात्याच्या नोंदण्या आमच्याकडं होत्याच. सीएंनी डिजिटल सहीनं फॉर्म भरून दिला. सरकारी अनुदानासाठी दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदणी उरकली.

मग कंपन्या शोधल्या. राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीनं कशावर खर्च केला ते दिसतं. २०१३ चा कंपनी कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणून शिरोली, कागलकडच्याच निवडल्या. मुंबईच्या बड्या नावांमागं धावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

अंदाजपत्रकातली 'शैक्षणिक साहित्य, एकरकमी' ही ओळ काढली. टेबलं, खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, ग्रंथपाल ताईंचं प्रशिक्षण, सगळं सुटं लिहिलं, जोडीला कोटेशनं. प्रशिक्षणाचा खर्च मागायला लोक कचरतात. जरूर मागा, आम्हाला तोही मिळाला.